डुकराच्या माद्या उलटून राहिल्या, झालेली पिल्लं मरून राहिली. काय चुकतंय?

काळीमाती (दारव्हा, यवतमाळ)
४ डिसेंबर, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. तीन वर्षांपासून इथं नुसता वाचून राहिलो, आज लिहायची पाळी आली.

माझ्याकडं ११ माद्या आहेत, यॉर्कशायर अन् गावरानच्या संकरातल्या. नर दोन, त्यातला एकच कामाचा, दुसरा अजून पोरगा आहे. घरची आठ एकर कोरडवाहू. कापसानं लागोपाठ दोन वर्षं हात दिला नाही म्हणून डुकरं धरली.

मेच्या शेवटी ते २० जूनपर्यंत आठ माद्या नराला दाखवल्या. पाच उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या. ज्या तीन राहिल्या त्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात पिल्लं झाली चार, पाच अन् सहा. त्यातल्याच एकीला गेल्या साली दहा होती. उलटलेल्या पाचातली चार नंबर तर चौथ्या खेपेला राहिली.

आता त्या पाचातल्या तीन व्यायल्या. २५ नोव्हेंबरला ११, २८ ला ९, १ डिसेंबरला १०. अशी ३० जिवंत, अन् दोन मेलेलीच पडली. आज ४ तारीख, अन् शेडमध्ये १८ शिल्लक आहेत. दहा दिवसांत १२ गेली. पाच आईखाली चेपून, चार सकाळी गार पडलेली सापडली, तिघांना पिवळी हगवण. १९ अन् २५ डिसेंबरला आणखी दोन व्यायच्या आहेत. झोप उडाली आहे.

खुराक मक्याचा भरडा, तूर चुनी, गव्हाचा कोंडा अन् सरकी ढेप. खाली सिमेंटचा कोबा, वर टिन. औषध दुकानदारानं एक पावडर दिली, महाग होती, फरक शून्य.

वऱ्हाडी ठेचा (अकोला)
५ डिसेंबर, सकाळी ६:१५

बाप्पा! दहा दिवसात बारा? भाऊ, मादीच खराब असन. चारदा उलटते थे मादी ठेवता कायले? इकून टाका. माह्या मावसभावानं तसंच केलं, नवीन माद्या आनल्या, आता सुखात हाय.

उमरेडची ताई
५ डिसेंबर, सकाळी ७:३०

ठेचाभाऊ, पाच माद्या एकाच महिन्यात खराब होतात का? अकरात पाच? मला नाही पटत. काळीमाती दादा, पिल्लं रात्री कुठे झोपतात ते सांगा आधी. आईजवळ की वेगळा कोपरा केलाय?

निवृत्त पशुवैद्य (नागपूर)
५ डिसेंबर, सकाळी १०:०५

काळीमाती, तुमचे दोन प्रश्न आहेत. उन्हाळ्यातला वेगळा आणि थंडीतला वेगळा. तुम्ही ते एका दोरीत बांधलेत आणि दुकानदाराने दोन्हींवर एकच पावडर दिली. मी नोकरीत असताना हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता रागही येत नाही.

मला पुढची माहिती हवी. चार नंबरला कोणकोणत्या तारखांना दाखवली? बाकीच्या किती दिवसांनी उलटल्या? दिवसातल्या कोणत्या वेळी नर सोडता? मेमध्ये नर कुठे बांधलेला होता? मक्याला बुरशी होती का? पिल्लं व्याल्यानंतर कितव्या दिवशी मेली?

आणि एक काम करा. यापुढे पिल्लू मेलं तर पुरण्याआधी ब्लेडने पोट चिरून जठर उघडा. आत दह्यासारखं घट्ट दूध आहे की रिकामं आहे, एवढंच बघायचं. हातमोजे घाला. मेलेलंच जन्मलं अशी शंका असेल तर फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाका. बुडाला तर त्या पिल्लाने श्वास घेतलाच नव्हता. तरंगला तर ते जिवंत जन्मलं आणि तुम्ही पोहोचायच्या आत गेलं.

शुद्धशेती
५ डिसेंबर, दुपारी १:२०

असले धागे इथे कशाला? सकाळी सकाळी पहिल्या पानावर डुकरं बघायची का?

संचालक
५ डिसेंबर, दुपारी १:५२

वराहपालन हे पशुपालनच आहे, धागा इथेच राहील. नको असेल त्यांनी उघडू नये.

काळीमाती
५ डिसेंबर, रात्री १०:३०

शुद्धशेती साहेब, सवय आहे आम्हाला. लहान भावाचं स्थळ पाहायला आलेले लोक शेड पाहून चहा न घेता परतले. चालायचंच.

डॉक्टरसाहेब, नशिबानं डायरी आहे. बायको लिहिते, मी नाही. चार नंबर: १ जून, २२ जून, १३ जुलै, ३ ऑगस्ट. सात नंबर: १८ जून, १६ जुलै, ६ ऑगस्ट. बाकी तिघी वीस-बावीस दिवसांच्या फरकानं उलटल्या.

नर दुपारी सोडत होतो, जेवण करून आल्यावर. मेमध्ये तो पश्चिमेच्या कोपऱ्यात होता, टिनाखाली. मका चांगला आहे, वास नाही, रंग नाही.

पिल्लं बहुतेक पहिल्या तीन दिवसांत गेली. हगवणीची तीन तेवढी पाचव्या-सहाव्या दिवशी. झोपतात आईजवळच, वेगळी जागा नाही. बल्ब आहे पण तो आढ्याला, उजेडासाठी.

आज एक गेलं, चेपूनच. म्हणजे आता १७. तुम्ही म्हणाले तसं पोट पाहिलं. रिकामं होतं. नुसतं पाण्यासारखं काहीतरी.

निवृत्त पशुवैद्य
६ डिसेंबर, सकाळी ९:१५

वहिनींना माझा नमस्कार सांगा. निम्मं निदान त्यांच्या डायरीत आहे.

आधी उन्हाळा. चार नंबरच्या चारही तारखा मोजा, प्रत्येक वेळी बरोबर २१ दिवस. डुकरिणीचं माजाचं चक्र २१ दिवसांचं, १८ ते २४ मध्ये कुठेही. म्हणजे ही मादी घड्याळासारखी माजावर येत होती. तिच्यात बिघाड असता तर माज असा नियमित आला नसता. ठेचाभाऊंचं ऐकून विकली असती तर कळपातली सगळ्यात भरवशाची मादी गेली असती.

आता पाचही जणींमध्ये सामाईक काय? नर. डुकराला घामाच्या ग्रंथी कामापुरत्याही नसतात. तो धापा टाकतो आणि चिखलात लोळतो, बस. नवतपात तुमच्याकडे ४४-४५ अंश, त्यात टिनाखाली आणि पश्चिमेची उन्हं. ३० अंशांच्या वर काही दिवस सलग गेले तरी नराचं वीर्य बिघडायला लागतं. तो माजावरच्या मादीवर चढतो, सगळं नीट दिसतं, पण आत कामाचे शुक्राणू कमी. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला सहा-सात आठवडे लागतात, म्हणून जूनच्या मध्यात पाऊस पडून गारवा आला तरी नर लगेच सुधारत नाही. तुमचा जुलैच्या मध्यापर्यंत फेल गेला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पास झाला. पुस्तकात छापावं असं उदाहरण आहे.

सात नंबर २८ दिवसांनी उलटली, ती गोष्ट जरा निराळी. तिला गर्भ राहिला होता असं मी धरतो. पण डुकरिणीच्या गर्भाशयात बाराव्या दिवसाच्या सुमाराला निदान चार गर्भ तरी लागतात, तेव्हाच शरीर गाभणपण धरून ठेवतं. दोन-तीनच असले तर सोडून देतं आणि मादी उशिरा उलटते. तुमच्या बाकी तिघींना चार, पाच, सहा पिल्लं झाली, तीही याच रांगेतली. एकाच नराची तीन रूपं: कुठे काहीच नाही, कुठे राहून गेलं, कुठे थोडकी पिल्लं.

दुपारी नर सोडणं बंद. पहाटे, नाहीतर दिवस मावळल्यावर. कंबरेवर दाब दिल्यावर मादी दगडासारखी उभी राहिली, कान ताठ केले, की तो खरा माज. सकाळी अशी उभी राहिली तर त्या संध्याकाळी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा दाखवा. एकदा दाखवून मोकळं व्हायचं नाही.

थंडीचं रात्री लिहितो, डोळ्यांचं काम आहे सध्या.

वऱ्हाडी ठेचा
६ डिसेंबर, सकाळी ११:४०

माघार घेतो राजेहो. पन डॉक्टरसाहेब, मंग माह्या मावसभावाच्या नव्या माद्या काऊन राह्यल्या?

निवृत्त पशुवैद्य
६ डिसेंबर, दुपारी १२:१०

कोणत्या महिन्यात आणल्या?

वऱ्हाडी ठेचा
६ डिसेंबर, दुपारी १२:२५

सप्टेंबरात. समजलं. बसतो खाली.

वैनगंगाकाठ (भंडारा)
६ डिसेंबर, दुपारी ३:००

आमच्याकडं नराच्या शेडवर टिनावर हातभर तणस टाकतो, अन् मागं-पुढं बारदान टांगून ओलं ठेवतो. एप्रिल ते पाऊस येईस्तोवर रोज दोनदा नराला पाणी मारायचं, मानेवर अन् खांद्यावर. शेजारी एक खड्डा करून दिला लोळायला. तरी मेमध्ये आम्ही नवीन मादी दाखवतच नाही, जमेल तितकं मार्चमध्येच उरकतो. तुमच्याकडं तणस नसंल तर तुराट्या, पऱ्हाट्या टाका, कापसाच्या गावात त्याचा काय तोटा!

एक सांगू का, सरकी ढेप बंद करा. आमच्या गावात एकानं म्हशीला देतो म्हणून डुकराला दिली, महिन्याभरात वाढत्या पिल्लांचा दम लागून तीन गेली.

काळीमाती
६ डिसेंबर, दुपारी ३:४५

ढेप तर घरच्या सरकीची आहे, जिनिंगमधून आणतो. म्हशीला चालते, डुकराला का नाही?

निवृत्त पशुवैद्य
६ डिसेंबर, रात्री ८:५०

वैनगंगाकाठ बरोबर सांगतात. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. म्हशीच्या पहिल्या पोटात ते बऱ्यापैकी बांधलं जातं आणि निरुपद्रवी होतं. डुकराचं पोट आपल्यासारखं, एकच कप्पा. गॉसिपॉल साठत जातं, हृदयावर येतं, दम लागतो, प्रजननावरही परिणाम होतो. कापूस पट्ट्यात ढेप दारात स्वस्त मिळते म्हणून हा मोह फार. प्रथिनांसाठी सोयाबीनची ढेप द्या. घरचं सोयाबीन घालायचं असेल तर भाजूनच, कच्च्या सोयाबीनमधलं द्रव्य पचन अडवतं. शेंगदाणा ढेप देणार असाल तर बुरशी पाहून.

आता पिल्लं. तुम्ही पाच चेपून, चार गार पडून, तीन हगवणीने असं वेगवेगळं लिहिलंत. कालच्या पिल्लाचं जठर रिकामं निघालं. माझ्या मते बहुतेकांना मारणारी गोष्ट एकच, तिने तीन वेश घेतले.

पिल्लू आईच्या पोटातून ३९ अंशांतून निघतं आणि ओलंचिंब, तुमच्या कोब्यावर पडतं. डिसेंबरात यवतमाळला रात्री पारा दहा-अकरापर्यंत उतरतो. वजन सव्वा किलो, अंगावर केस नावाला, चरबी शंभरात एक-दोन भाग. वासरासारखी ऊब तयार करणारी खास चरबी डुकराच्या पिल्लात नसतेच. पहिले दोन-तीन दिवस त्याला ३२ ते ३४ अंशांची जागा लागते. आईला मात्र १८ ते २२ बरं वाटतं. एकाच खोलीत दोन हवामानं करायची, ही या धंद्याची खरी गोम.

गारठलेलं पिल्लू हळू होतं. सडापर्यंत उशिरा पोहोचतं, तोवर पुढचे भरलेले सड धडधाकट भावंडांनी धरलेले असतात. चीक मिळत नाही म्हणून अंगात ताकद नाही, ताकद नाही म्हणून अंग आणखी गार. मग ते जगातल्या एकाच गरम वस्तूला चिकटून बसतं, ती म्हणजे आई. ती कूस बदलते, बाकीची पळतात, हे राहतं. आपण लिहितो, चेपून मेलं. आई चेपते ती शेवटी, त्याच्या आधी ते अर्धं मेलेलं असतं.

हगवणीचंही तेच. गाभणपणात आईच्या रक्तातून रोगप्रतिकारशक्ती पिल्लात जात नाही, डुकरिणीची वार तशी नसते. सगळी शक्ती चिकातून. आणि पिल्लाचं आतडं ती शक्ती पहिल्या २४ ते ३६ तासांतच शोषू शकतं, त्यातही पहिले सहा-आठ तास सोन्याचे. तेवढ्यात पाव किलोच्या आसपास चीक पोटात जायला हवा. नंतर कितीही दूध पाजा, ते फक्त अन्न. तुमची पाचव्या दिवशीची हगवण पहिल्या रात्री सुरू झालेली होती.

नवीनपिगरी (वर्धा)
६ डिसेंबर, रात्री ९:३०

सर, मी राष्ट्रीय पशुधन अभियानात अर्ज करणार आहे, १०० माद्या १० नर, ५० टक्के अनुदान ३० लाखांपर्यंत. शेडचं डिझाइन कोणाकडे आहे का? आणि नागपूरच्या हॉटेलांचं उष्टं आणलं तर खुराक फुकटात पडेल ना?

उमरेडची ताई
६ डिसेंबर, रात्री ९:५५

दादा, वर एका माणसाची ११ माद्यांत झोप उडाली ते वाचलं ना? पाच घ्या आधी. दोन वेतं स्वतः काढा. अनुदान कुठे पळून जात नाही.

उष्ट्याचं म्हणाल तर उकळल्याशिवाय नाही. अर्धा तास खळखळ. कच्च्या मांसाचे तुकडे असतात त्यात, स्वाइन फीवर तिथूनच येतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला, त्याला आपल्याकडे लस नाही, आला की शेड रिकामं. साध्या स्वाइन फीवरची लस मात्र आहे, ती मादीला दाखवायच्या आधी द्यायची, गाभणपणात नाही.

काळीमाती दादा, आता माझी पद्धत. माझ्याकडे सहाच माद्या, पण सहाही माझ्या हाताखाली व्यायल्या आहेत. व्यायच्या आठवडाभर आधी मादीला धुऊन, कास कोमट पाण्यानं पुसून, चुना मारून वाळवलेल्या खोलीत न्यायची. नवी जागा तिलाही ओळखीची व्हायला पाहिजे. तोंडानं गवत गोळा करायला लागली, उठबस वाढली, सड दाबल्यावर दूध आलं, की ती रात्र आपली नाही. स्वेटर घालून बसायचं.

भिंतीपासून वीतभर अन् जमिनीपासून वीतभर उंच आडवा पाइप लावायचा, तीनही बाजूंनी. मादी भिंतीला टेकून घसरते तेव्हा पिल्लाला पाइपामागं जागा मिळते. मी आधी बांबू लावला होता, बाईसाहेबांनी दोन दिवसांत मोडला. दीडशे-पावणेदोनशे किलोचं धूड आहे ते.

कोपऱ्यात लाकडी खोकं, वर झाकण, समोर पिल्लू जाईल एवढं भोक, आत कुटार अन् तणस, अन् वरून बल्ब. बल्ब किती उंच हे पुस्तक नाही सांगत, पिल्लं सांगतात. एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपली तर खाली करा. कडेकडेला पांगली तर वर. एकमेकाला लागून आडवी पसरली की बरोबर.

पिल्लू आलं की नाकातोंडातला चिकटा काढायचा, जुन्या सुती लुगड्यानं खरखरून पुसायचं. नाळ दोन बोटं ठेवून बांधायची, कापायची, आयोडीनमध्ये बुडवायची. अन् लगेच सडाला. पुढच्या सडाला बारकं, मागच्या सडाला जाडं. सगळी झाली की जाडी पाच-सहा पिल्लं तासभर खोक्यात बंद, बारक्यांना एकटं पिऊ द्यायचं. मग अदलाबदल.

वऱ्हाडी ठेचा
७ डिसेंबर, सकाळी ६:४०

ताई, पन आमच्या आजीच्या गावरान डुकरीले कोनी बल्ब लावला नाई. थे नाल्यात पऱ्हाट्या अन् गवत जमा करे, आतमंदी व्याये, अन् पाचच्या पाच पिल्लं मांगं घिऊन निघे. यवढा तामझाम काऊन?

उमरेडची ताई
७ डिसेंबर, सकाळी ८:१०

आजीची डुकरी पन्नास-साठ किलोची, पिल्लं पाच, अन् घर स्वतः बांधलेलं, दोन हात गवताचं. आपण तिला तिप्पट जड केली, पिल्लं दुप्पट केली, अन् गवत काढून सिमेंट दिलं. मग बल्ब आपल्यालाच लावावा लागणार ना भाऊ.

निवृत्त पशुवैद्य
७ डिसेंबर, सकाळी ९:००

ताईंना पूर्ण गुण. गावरानवरून आणखी एक. त्या पिल्लांना लोहाचं इंजेक्शन कोणी दिलं नाही कारण ती माती उकरतात. कोब्यावरच्या पिल्लाला ती सोय नाही. जन्मताना अंगात जेमतेम ५० मिलिग्रॅम लोह, रोजची गरज ७, आणि आईच्या दुधातून मिळतं १. आठवड्यात हिशेब संपतो. पांढरी पडतात, दम लागतो. तिसऱ्या दिवशी मानेत इंजेक्शन, मात्रा तुमच्या डॉक्टरांकडून. मांडीत देऊ नका. सुईसारखे आठ दात असतात, त्यांची फक्त टोकं कापा. मुळापासून कापले तर हिरडी पिकते.

आईचं पाणी किती?

काळीमाती
७ डिसेंबर, रात्री ९:२०

टाकीत सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या. तिघींत.

निवृत्त पशुवैद्य
७ डिसेंबर, रात्री ९:३२

व्यालेली मादी एकटी दिवसाला वीस-तीस लिटर पिते. दूध कुठून येणार? निपल (चोखलं की पाणी येणारी तोटी) बसवा, नाहीतर सतत भरलेली टाकी ठेवा.

जयभीमपूर (अमरावती)
८ डिसेंबर, दुपारी १२:१५

ऑक्सिटोसिन (कळा वाढवणारं इंजेक्शन) जवळ ठेवा दादा. कळा सुरू झाल्या की एक देऊन टाकायचं, धडाधड पिल्लं बाहेर, रात्र जागायची गरजच नाही. आमच्याकडे सगळे देतात.

निवृत्त पशुवैद्य
८ डिसेंबर, दुपारी १२:४०

नको. नको. नको. पिल्लू आडवं अडकलेलं असेल आणि तुम्ही पिशवीला जोर लावायला सांगितला तर पिशवी फाटते, मागची पिल्लं आत गुदमरतात. तुमच्याकडे मेलेली पिल्लं जास्त जन्मत असतील तर कारण इथे शोधा. दोन पिल्लांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर साधारण असतं. पाऊण-एक तास गेला, मादी जोर लावते आहे आणि काही येत नाही, तर डॉक्टरांना फोन. आधी जन्मलेली पिल्लं सडाला लावा, त्यांच्या चोखण्यानेच तिच्या अंगात ऑक्सिटोसिन तयार होतं. फुकट.

जयभीमपूर
८ डिसेंबर, दुपारी १:३०

बरोबर असेल तुमचं. पण आमच्या तालुक्याला डॉक्टरांचं पद दीड वर्ष रिकामं आहे, रात्री दोनला फोन कोणाला करू?

निवृत्त पशुवैद्य
८ डिसेंबर, दुपारी २:०५

याला माझ्याकडे उत्तर नाही. कोपरापर्यंत साबणाने धुतलेला, नखं कापलेला, तेल लावलेला हात कसा घालायचा हे दिवसा, डॉक्टर भेटतील तेव्हा, प्रत्यक्ष शिकून घ्या. वाचून करू नका.

वैनगंगाकाठ
१० डिसेंबर, सकाळी ७:५०

लाइन गेल्यावर काय करता हेही लिहा कोणीतरी. आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून, बारदानात गुंडाळून खोक्यात ठेवतो. दोन-अडीच तास ऊब राहते. शेगडीत कोळसे पेटवून बंद खोलीत ठेवू नका, धुरानं गुदमरतात, एकदा घरच्यांचा जीव थोडक्यात वाचला.

काळीमाती
६ जानेवारी, रात्री १०:१०

उशीर झाला, माफी. तूर सोंगणीत होतो.

जुन्या तीन वेतातली १७ होती, त्यातलं आणखी एक गेलं, १६ वर थांबलं. ती आज आईपासून तोडली, सगळ्यात मोठ्यांना ४२ दिवस झाले.

१९ डिसेंबरची मादी १८ लाच रात्री साडेअकराला व्यायली. १० पिल्लं. मी अन् बायको दोघं होतो. तिसरं पिल्लू मेल्यासारखंच आलं होतं, बायकोनं लुगड्यानं इतकं घासलं की ते ओरडलं. दुसऱ्या दिवशी मादी पोटावर झोपून राहिली, पिल्लांना सड देईना, खुराकाला तोंड लावेना. थर्मामीटर लावलं तर १०४.८. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेलं नव्हतं पण अंदाज आला, तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला, ते दुपारी आले. कासेचा अन् पिशवीचा ताप म्हणाले, इंजेक्शनं दिली. एक दिवस बकरीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी बाई आडव्या झाल्या अन् स्वतःच हुंकार देऊन पिल्लं बोलावली. त्यात दोन गेली. एक सहाशे ग्रॅमचं होतं, दुसरं लाइन गेली त्या रात्री. मी झोपलो होतो, बाटल्या गार झाल्या.

२५ ची बरोबर २५ ला. १२ पिल्लं. एक चेपलं, पाइपाच्या आतल्या बाजूला. पोट पाहिलं, दुधानं भरलेलं होतं. हे खरंच चेपलेलं.

म्हणजे २२ मधून १९ आहेत. खर्च झाला पाइप, खोकी, दोन लाल बल्ब, निपल. ढेप बंद केली, सोयाबीन ढेप महाग पडते, मान्य. पावडरीचा डबा तसाच आहे, कोणाला पाहिजे असंल तर घेऊन जा.

उमरेडची ताई
६ जानेवारी, रात्री १०:४५

वहिनींचं लुगडं वाया गेलं का?

काळीमाती
६ जानेवारी, रात्री १०:५०

गेलं. नवीन मागून राहिली.

वऱ्हाडी ठेचा
७ जानेवारी, सकाळी ६:०५

दोन घिऊन द्या भाऊ. डायरीचंबी देनं हाय.

काळीमाती
६ फेब्रुवारी, रात्री ९:००

वर काढतोय धागा. चार नंबर पिल्लं तोडल्यावर पाचव्या दिवशी, ११ जानेवारीला माजावर आली. पहाटे दाब दिला, उभी राहिली. त्या संध्याकाळी अन् दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवली. आज २६ दिवस झाले. उलटली नाही! एकाच खेपेत राहिली. बायकोनं ११४ दिवस मोजून डायरीत ५ मे लिहिलं.

निवृत्त पशुवैद्य
६ फेब्रुवारी, रात्री ९:२५

अभिनंदन. ५ मे म्हणजे ऐन उन्हात. आईला गारवा आणि पिल्लांना ऊब, हे आता ४४ अंशांत करायचं आहे. मानेवर थेंब-थेंब पाणी पडेल अशी नळी, पिल्लांचं खोकं कोरडं, खुराक पहाटे पाचला आणि रात्री. आणि नराला पश्चिमेच्या कोपऱ्यातून हलवलं का?

काळीमाती
६ फेब्रुवारी, रात्री ९:३१

उद्या हलवतो. तुराट्या आणून ठेवल्या आहेत.